अनोळखी मैदान आणि ओळखीचा हात

आपल्या परिचयाचे बहुतेक खेळ ठराविक मापाच्या जागेत खेळले जातात. क्रिकेटची खेळपट्टी मुंबईस बावीस यार्डांची असेल, तर मेलबोर्नलाही ती बावीस यार्डांचीच असते. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. ते सातारला आखा की तेहरानला, माप बदलत नाही. जमीन कोठे टणक, कोठे भुसभुशीत, एवढाच काय तो फरक. परंतु असाही एक खेळ आहे, की ज्याची दोन मैदाने कधीच एकसारखी नसतात. एक डोंगराच्या उतारावर असते, दुसरे पाइन वृक्षांच्या दाटीत, तिसरे तळ्याच्या काठी. ह्या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. आयुष्यातील पहिल्याच स्पर्धेस उतरणाऱ्या मनुष्याने, न पाहिलेल्या मैदानाची तयारी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. स्पर्धेत चकती फेकण्याचा प्रसंग मजवर कधी आला नाही. तरीही ह्या विषयावर बोलण्यास मी का उभा राहिलो, ते ओघाने येईलच.

प्रथम खेळ समजून घेऊ. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खड्ड्यात घालावयाचा असतो. येथे काठी नाही, चेंडू नाही, आणि खड्डाही नाही. हाताने प्लॅस्टिकची चकती फेकावयाची, आणि ती लोखंडी खांबाभोवती टांगलेल्या साखळ्यांवर आपटून खालच्या टोपलीत पडावी, एवढाच हेतू. आरंभस्थानापासून टोपलीपर्यंतच्या वाटेस गोल्फच्या परंपरेने 'होल'च म्हणतात. खड्डा गेला, नाव मात्र राहिले. असे बहुधा अठरा होल असतात. चकती जेथे पडेल तेथून पुढची फेक करावयाची, आणि अठराही होल मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी तो विजयी. प्रत्येक होलास जाणत्या खेळाडूला किती फेकी लागाव्यात ह्याचा एक आकडा ठरलेला असतो, त्यास 'पार' म्हणतात. चकती आखलेल्या हद्दीबाहेर गेली, तर एक फेक दंड म्हणून वाढते. आणि तळे हे बहुधा हद्दीबाहेरच धरलेले असते.

हा खेळ वयाने लहान आहे. कॅनडाच्या सॅस्कॅचवन प्रांतातील ब्लॅडवर्थ गावी १९२६ मध्ये शाळकरी मुले पत्र्याची झाकणे जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत फेकून असाच एक खेळ खेळत. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट शहरी फ्रिस्बी नावाची एक बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या ताटल्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकीत, आणि त्या ताटल्यांवरूनच पुढे प्लॅस्टिकच्या उडत्या चकतीस 'फ्रिस्बी' हे नाव पडले. व्हॅम-ओ नावाच्या कंपनीने १९५७ मध्ये ही चकती बाजारात आणली. त्याच कंपनीतील एड हेड्रिक ह्या गृहस्थांनी तिच्या पाठीवर वर्तुळाकार रेघा उठवून तिचे उड्डाण स्थिर केले आणि १९६७ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क येथे १९७५ मध्ये ह्या खेळाचे पहिले कायमचे मैदान त्यांनीच आखले. खेळाडूंची व्यावसायिक संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली, आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट १९७७ मध्ये हेड्रिक ह्यांस मिळाले. हे गृहस्थ २००२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा काही चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. खेळावर माणसाचे प्रेम किती असावे, ह्याला काही सीमा नसते!

आज जगात ह्या खेळाची पंधरा हजारांहून अधिक मैदाने आहेत. त्यांतील बहुसंख्य सार्वजनिक बागांत व रानांत असून तेथे खेळण्यास शुल्क पडत नाही. अमेरिकेच्या खालोखाल फिनलंडसारख्या उत्तरेकडील देशांत ह्याचे वेड फार. आपल्याकडे हा खेळ अद्याप अपरिचित आहे. परंतु अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरी ह्या चकत्या आता दिसू लागल्या आहेत, आणि तेथूनच हा विषय मजपर्यंत आला.

माझा एक जुना विद्यार्थी उत्तर कॅरोलायना राज्यात शार्लट शहराजवळ राहतो. वयाने आता पन्नाशीला टेकलेला. चार वर्षे तो रविवारच्या सकाळी घराजवळच्या बागेत चकती फेकीत असे. पण एकाच बागेत, त्याच अठरा होलांवर, त्याच चार मित्रांबरोबर. मग मित्रांच्या आग्रहाने त्याने एका दोन दिवसांच्या स्पर्धेत नाव घातले. पहिला दिवस एका मैदानावर, दुसरा दिवस दुसऱ्या. दोन्ही मैदाने त्याने पाहिलेली नाहीत. नाव घातल्यावर त्यास धडकी भरली. त्याने मला लिहिले, "गुरुजी, मुलगी बरोबर येणार आहे. ती तेरा वर्षांची आहे. तिच्या देखत मी शेवटचा आलो तर कसे होईल? नाव काढून घ्यावे असे वाटते. तुम्ही आम्हांला शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तालुक्याचे केंद्र दाखवायला नेत होता. येथे आदल्या संध्याकाळी नेणारे कोणी नाही."

हे पत्र वाचून मी बराच वेळ विचार करीत राहिलो. आपल्याकडे शिष्यवृत्तीची परीक्षा त्या काळी चौथीला असे. खेड्यातील नऊ-दहा वर्षांची मुले. त्यांनी तालुक्याची मोठी शाळा कधी पाहिलेली नसे. आदल्या संध्याकाळी त्यांस तेथे घेऊन जाण्याचा माझा प्रघात होता. मी त्यांस पाण्याचा नळ दाखवी, मुतारी दाखवी, बाक कोणता ते शोधावयास लावी, त्यावर थोडा वेळ बसवी, उजेड कोणत्या खिडकीतून येतो ते पाहावयास सांगे. पुस्तक मात्र उघडू देत नसे. कारण एवढेच की प्रश्नपत्रिका ही अनोळखी असणारच. ती ओळखीची असेल तर ती परीक्षा नव्हे. परंतु प्रश्नपत्रिकेवाचून दुसरे काहीही अनोळखी राहू देऊ नये. मुलाची सारी बुद्धी नवेपणाच्या दडपणात खर्च झाली, तर उत्तरासाठी काय उरणार?

हेच सूत्र मी त्या विद्यार्थ्यास लिहून पाठविले, आणि ते त्याच्या खेळास कसे लागू करावयाचे ते आम्ही उभयतांनी सहा आठवड्यांच्या पत्रव्यवहारात ठरविले. खेळाचे ज्ञान त्याचे, शिस्त माझी. त्यातून जे हाती आले ते आता सांगतो.

मैदान अनोळखी असेल, तर आपला हात तरी आपल्या ओळखीचा असावा. पुष्कळ खेळाडूंस आपल्या फेकीची लांबी ठाऊक नसते. त्यांस ठाऊक असते ती आपल्या सर्वांत लांब गेलेल्या फेकीची लांबी. विद्यार्थ्याने मला अभिमानाने कळविले होते की आपण पंचाण्णव मीटर फेकतो. मी त्यास मोकळ्या मैदानावर वीस फेकी करून प्रत्येकीचे अंतर मोजावयास आणि लिहून ठेवावयास सांगितले. पंचाण्णव मीटर गेलेली फेक वीसांत एकच निघाली. बहुतेक फेकी सत्तर मीटरांच्या आसपास पडल्या होत्या, आणि चार पंचावन्नच्याही अलीकडे. सर्वांत लांब गेलेली फेक ही पाहुणी होय. ती येईल तेव्हा आनंदाने स्वागत करावे, पण तिच्या भरवशावर स्वयंपाक मांडू नये. घरची फेक ती मधली. ओळखीच्या मैदानावर आपल्या लांबीविषयीचा गोड गैरसमज खपून जातो, कारण तेथे पाय आपोआप योग्य जागी जातात. नव्या मैदानावर मात्र तोच गैरसमज चकती तळ्यात नेऊन टाकतो.

हाताबरोबर चकतीचा स्वभावही जाणावयास हवा. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, वेग सरला की कलंडतो, चकतीचेही तसेच. उजव्या हाताने छातीसमोरून झटक्याने सोडलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. आरंभी वेग पुष्कळ असतो तोवर ती सरळ किंवा किंचित उजवीकडे जाते, आणि वेग मंदावला की डावीकडे कलत खाली येते. हे वळण प्रत्येक चकतीत कमी-अधिक असते. लांब पल्ल्याच्या पातळ, धारदार कडेच्या चकतीस ड्रायव्हर म्हणतात, मधल्या पल्ल्याची ती मिडरेंज, आणि टोपलीजवळून टाकावयाची, जाड कडेची, ती पटर. वाऱ्याने हा स्वभाव बदलतो. समोरून वारा आला तर चकती जणू अधिक वेगाने फेकल्यासारखी वागते व उजवीकडे कलंडू पाहते. पाठीमागून आला तर तिचा उठाव कमी होऊन ती लवकर खाली बसते आणि डावीकडे झुकते. पटावर कोंबड्याचे चित्र असणारे वातयंत्र मैदानावर नसते; पण झाडाचे शेंडे असतात. ते पाहण्याची सवय घरच्या बागेतही लावून घेता येते.

माझ्या विद्यार्थ्यापाशी सतरा चकत्या होत्या. स्पर्धेच्या धास्तीने त्याने आणखी चार विकत घेतल्या. मी त्यास विचारले, परीक्षेला जाताना तू किती लेखण्या नेत होतास? त्याने सहा चकत्या निवडल्या: दोन पटर, दोन मिडरेंज, दोन ड्रायव्हर, त्याही सर्व जुन्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या. दोन-दोन अशासाठी, की एक हरवली तर तिची बहीण पिशवीत असावी. नवी मैदाने आणि नव्या चकत्या ही दोन अनोळखी माणसांची भेट घालून देण्यासारखेच आहे. मध्यस्थाची ओळख दोघांशीही नाही!

आता मैदानाविषयी. स्पर्धेपूर्वी मैदानाचे नकाशे मिळतात. होलाची लांबी, टोपलीची जागा, हद्दीच्या रेषा त्यांत दाखविलेल्या असतात. नकाशा वाचणे हाही एक अभ्यास आहे. विद्यार्थी प्रथम प्रत्येक होलाकडे पाहून 'येथे दोन फेकींत काम होईल' असे लिहू लागला. ते मी खोडावयास लावले. त्याऐवजी प्रत्येक होलास तीनच प्रश्न विचारावयाचे ठरले. चकती कोठे गेली असता सर्वाधिक नुकसान? दुसरी फेक कोठून सर्वांत सोपी? आणि तेथे माझ्या घरच्या फेकीने पोहोचता येते काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे एका लहानशा पुठ्ठ्यावर, प्रत्येक होलास एक ओळ ह्याप्रमाणे लिहावयाची. 'सातवा: उजवीकडे ओढा. डावीकडून, मिडरेंज.' एवढे पुरे. निर्णय घरी, शांत मनाने घ्यावा. मैदानावर केवळ त्याची अंमलबजावणी करावी. आणि मैदानावर वेळ तरी किती? नियमाप्रमाणे पाळी आल्यावर तीस सेकंदांत चकती हातातून सुटली पाहिजे. तीस सेकंदांत मनुष्य विचार करीत नाही. भितो तरी, किंवा आठवतो तरी. आठवण्यासारखे काही अगोदर तयार असलेले बरे.

नकाशा सर्व काही सांगत नाही. चढ-उतार त्यावरून नीट कळत नाहीत, आणि चढावर लक्ष्य असेल तर साठ मीटर अंतर हातास बरेच अधिक भासते. म्हणून शक्य असल्यास एकदा मैदान चालून यावे. दोन मैदानांपैकी पहिले त्याच्या घरापासून दीड तासाच्या वाटेवर होते. तेथे तो एका शनिवारी गेला. कशी फेरी करावयाची हेही अगोदर ठरले होते: गुण लिहावयाचे नाहीत. गुण लिहिले की मनुष्य खेळू लागतो आणि पाहावयाचे विसरतो. तसेच, प्रत्येक होल संपल्यावर टोपलीपाशी उभे राहून मागे आरंभस्थानाकडे पाहावे. पुढून पाहताना झाडे दिसतात. मागून पाहताना झाडांमधील वाट दिसते. त्याने लिहिले की अकराव्या होलाची खरी वाट त्यास मागे वळून पाहिल्यावरच कळली. पुढून ती एका ओकच्या फांदीआड दडलेली होती.

दुसरे मैदान तळ्याकाठचे, आणि पाच तासांच्या अंतरावरचे. तेथे आधी जाणे त्यास शक्य नव्हते. अशा वेळी मूळ नाही तर त्याच्यासारखे दुसरे शोधावे. घराजवळच्या मोकळ्या मैदानात त्याने दोरी टाकून तळ्याचा काठ आखला आणि दोरीच्या डाव्या अंगाने चकती सुरक्षित टाकण्याचा सराव केला. पहिले मैदान रानातले होते, म्हणून दोन बांबू दोन मीटर अंतरावर रोवून, पंधरा मीटरांवरून त्यांच्यामधून चकती काढण्याचा अभ्यास केला. रानातल्या होलावर लांबीचा प्रश्न नंतरचा. पहिल्या वीस मीटरांत झाड टाळले की निम्मे काम होते.

सरावाचा मोठा वाटा मात्र टोपलीजवळच्या फेकीस द्यावा. मैदान रानातले असो, तळ्याकाठचे असो, टोपली सर्वत्र सारखीच असते. अनोळखी मैदानावर ओळखीची अशी हीच एक जागा, आणि अठरा वेळा ती भेटते. टोपलीपासून दहा मीटरांच्या आतून फेकताना नियम असा की, चकती सुटल्यावर तोल सांभाळून दाखविल्याखेरीज पुढे पाऊल टाकावयाचे नाही. विद्यार्थ्याने अंगणात टोपली मांडून रोज संध्याकाळी सहा मीटरांवरून पन्नास फेकी केल्या आणि किती पडल्या ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिले. आरंभी एकोणतीस, सहाव्या आठवड्यात एकेचाळीस. हा आकडा फार मोठा नव्हे. पण स्पर्धेच्या दिवशी साखळ्यांसमोर उभे राहताना 'पन्नासांत एकेचाळीस' हे स्वतःच्या हाताने लिहिलेले सत्य जवळ असणे, ही मोठी शिदोरी होय.

उरली किरकोळ वाटणारी तयारी. पण मुलांस नळ आणि मुतारी दाखविण्याचे महत्त्व ज्यास पटले, त्यास ही किरकोळ वाटू नये. अशा स्पर्धांत बहुधा सर्व गट एकाच वेळी निरनिराळ्या होलांवरून आरंभ करतात. आपला आरंभ चौदाव्या होलावरून असेल, तर तेथवर चालत जाण्यास किती वेळ लागतो हे माहीत हवे. कारण उशीर झाला तर चुकलेल्या प्रत्येक होलास पारपेक्षा चार फेकी अधिक मांडल्या जातात. गुणपत्रकाची बेरीज चुकली तर दोन फेकी दंड. हरवलेली चकती शोधण्यास तीन मिनिटे. हे नियम परीक्षेच्या मुलाने वेळापत्रक वाचावे तसे वाचून ठेवावेत. ओल्या चकतीस पुसावयास पंचा, पाणी, खाण्याचे चार घास, मोज्यांचा दुसरा जोड. आणि शेवटचे दोन दिवस जोराची फेक मुळीच नाही, खांद्यास विसावा. परीक्षेच्या आदल्या रात्री मी पुस्तक मिटावयास लावीत असे, ते ह्याचसाठी.

श्रोतेहो, अनोळखी जमिनीवर उतरण्याचा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत वाढले, मातीतच कुस्ती शिकले. १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा कुस्ती मॅटवर होती. मातीत पाय रुततो व आधार देतो. मॅटवर तो आधार नाही, डावाचा वेग निराळा, नियमही निराळे. तेथे रीस गार्डनर ह्या अमेरिकन शिक्षकाने त्यांस तयार केले, आणि त्या पहिल्या अनुभवात ते आपल्या वजनगटात सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण पदकाचे वर्ष लक्षात ठेवतो. मला शिक्षक म्हणून त्या सहाव्या क्रमांकाचे अगत्य अधिक वाटते. नव्या जमिनीवर पहिल्या खेपेस उभे राहणे, आणि तिचा स्वभाव समजून घेऊन घरी परतणे, हे त्या सहाव्या क्रमांकात आहे. ते नसते तर पुढचे घडले नसते.

हे मी विद्यार्थ्यास लिहिले, आणि त्याने नाव काढून घेण्याचा विचार सोडला. पुढे काय झाले तेही आपण ऐकावे.

पहिल्या दिवशी, चालून पाहिलेल्या रानात, त्याचा खेळ ठीक झाला. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी त्याची मुलगी पिशवी घेऊन बरोबर होती. ते पुठ्ठे त्याने नेहमीच्या सवयीने मराठीत लिहिले होते. मुलगी तिकडेच जन्मलेली, मराठी अडखळत वाचणारी. प्रत्येक होलापाशी ती एकेक अक्षर लावून वाची: 'डा-वी-क-डू-न. मि-ड-रें-ज.' तेवढ्या वेळात बापाचा श्वास ठिकाणावर येई. सोळाव्या होलावर टोपली तळ्याच्या पलीकडे, पंच्याऐंशी मीटरांवर. गटातील इतर तिघांनी पाण्यावरून सरळ चकती टाकली. दोघांची पोहोचली, एकाची बुडाली. त्याचाही हात ड्रायव्हरकडे गेला. मुलीने पुठ्ठा वाचला: 'काठाने. दोन फेकी.' त्याने ड्रायव्हर ठेवून दिला आणि काठाकाठाने गेला. त्या होलावर त्याची चौथी फेक साखळ्यांत पडली. जे दोघे पलीकडे पोहोचले त्यांस तीन लागल्या, ज्याची बुडाली त्यास पाच.

सतराव्या होलावर निराळीच परीक्षा झाली. त्याची चकती हद्दीच्या दोरीजवळ उंच गवतात पडली. नियम असा की चकतीचा काठ जरी हद्दीच्या आत असेल तरी ती आत. संपूर्ण बाहेर असेल तरच दंड. गटातील मंडळी दूर, आपापल्या चकत्या शोधण्यात गुंतलेली. ह्या खेळात प्रत्येक गटामागे पंच फिरत नाही. गटातील खेळाडूच एकमेकांचे गुण लिहितात. त्याने गवत बाजूला करून पाहिले: चकती दोरीच्या दोन बोटे बाहेर होती. त्याने हात वर करून सर्वांस सांगितले, आणि एक फेक आपल्या नावावर वाढवून घेतली. मुलगी शेजारीच उभी होती. तिने काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही.

एकोणीस जणांत तो तेरावा आला. ती एक फेक वाढली नसती तर अकरावा आला असता. त्याच्या पत्रात क्रमांकाचा उल्लेख एका ओळीत होता. उरलेले पत्र सोळाव्या होलाच्या काठाविषयी, वाऱ्याविषयी, आणि पुढच्या वर्षी तेथे आधी जाऊन राहण्याविषयी होते. मुलीने आपल्यासाठी लहान मुलांच्या गटात नाव घालण्यास सांगितले आहे, आणि पुठ्ठे मराठीतच असावेत अशी तिची अट आहे, असेही त्याने कळविले.

आपणांपैकी बहुतेकांस साखळ्यांची टोपली कधी पाहावयास मिळणार नाही. परंतु आपल्या घरांतून मुले-मुली परीक्षेस, मुलाखतीस, परगावी, परमुलखात जातच असतात. आणि प्रौढांवरही उतारवयात नव्या जागी बसण्याचे प्रसंग येतात. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी 'पहिला ये' म्हणून आशीर्वाद देण्यापूर्वी आणखी थोडे काम करावे. त्या जागेचा रस्ता, वेळ, नियम, बसण्याची जागा, सोबत न्यावयाच्या वस्तू, ह्यांतील अनोळखीपणा होईल तितका अगोदर काढून टाकण्यास मदत करावी. आपली घरची फेक किती लांब जाते ते त्यांस प्रामाणिकपणे मोजू द्यावे. काय करावयाचे ह्याच्या आधी, काय टाळावयाचे ते ठरवू द्यावे. इतके झाल्यावर प्रश्नपत्रिका कोणतीही येवो. तिच्याशी झगडण्यास त्यांची सारी बुद्धी त्यांच्यापाशी शिल्लक राहील.